सतरा लाख टाके

वॉशिंग्टन, १९९९. स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ५० फूट लांबीची काचेची भिंत उभी राहिली आहे. अलीकडे बघ्यांची गर्दी, पलीकडे प्रयोगशाळा. आत एक अवाढव्य झेंडा आडवा पसरलेला आहे आणि त्याच्यावर, अगदी लगत, एक सरकता पूल आहे. त्या पुलावर माणसं पालथी झोपली आहेत. त्यांचे डोळे आणि कापड यांच्यामध्ये काही इंचांचं अंतर. एका हातात बारीक कात्री, दुसऱ्या हातात चिमटा. टाका कापायचा, दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून हलकेच ओढून काढायचा, मग पुढच्या टाक्याकडे वळायचं.

असे टाके होते सतरा लाख.

शिवण्यापेक्षा उसवणं अवघड, हे शिवणयंत्रावर बसलेल्या कोणालाही विचारा. नव्या कापडावर कात्री घसरली तर छोटंसं भोक पडतं, रफू करून भागतं. इथे कापड होतं १८६ वर्षांचं, विरलेल्या लोकरीचं. आणि ते एका अख्ख्या देशाचं होतं. अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्या झेंड्यावर लिहिलं गेलं, तो हाच झेंडा. एक चुकलेला हात पुन्हा दुरुस्त होणार नव्हता.

मग एवढा धोका पत्करून उसवायचं कशासाठी? कारण झेंड्याची एक बाजू अस्तराखाली दडलेली होती. १८७३ पासून, म्हणजे सव्वाशे वर्षं, ती बाजू लोकांना दिसलेली नव्हती. आणि जे अस्तर झेंडा सांभाळायला लावलं होतं, तेच आता त्याच्या जिवावर उठलं होतं.

हा झेंडा जन्मला बॉल्टिमोरमध्ये, १८१३ च्या उन्हाळ्यात. अमेरिका आणि ब्रिटन यांचं युद्ध पेटलेलं होतं. बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्याचा मेजर जॉर्ज आर्मिस्टेड हा नवा प्रमुख. त्याला किल्ल्यावर असा झेंडा हवा होता, की शत्रूच्या जहाजांना तो लांबूनही चुकता कामा नये. काम गेलं मेरी पिकर्सगिल या विधवा बाईकडे. जहाजांची निशाणं शिवून ती संसार चालवत होती. तिची आई रिबेका यंग हीसुद्धा झेंडे शिवणारी. मागणी दोन झेंड्यांची होती: वादळवाऱ्यात लावायचा एक, १७ फूट बाय २५ फूट, आणि मोठा, ३० फूट बाय ४२ फूट. मोठ्याचं क्षेत्रफळ १२६० चौरस फूट. हा आकडा किती मोठा, ते मुंबईत घर शोधलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पंधरा पट्टे, प्रत्येक सुमारे दोन फूट रुंद. पंधरा तारे, टोकापासून टोकापर्यंत दोन फूट. कापड म्हणजे बंटिंग, झेंड्यांसाठी विणलेली सुटसुटीत, विरळ लोकर. तारे तेवढे सुती. बंटिंगचा पन्हा पट्ट्याच्या रुंदीला पुरत नव्हता, म्हणून एकेक पट्टा जोड देऊन तयार करावा लागला. ताऱ्यांची रीत तर पाहण्यासारखी. तारा निळ्या कापडावर एका बाजूनं शिवायचा, मग कापड उलटं करून त्या ताऱ्यामागचं निळं कापून टाकायचं आणि कडा दुमडून टिपायच्या. एकच तारा दोन्ही बाजूंनी पांढरा दिसतो, कापडही वाचतं, वजनही.

घरात एवढं कापड पसरायला जागा नव्हती. जवळच्या क्लॅगेट यांच्या ब्रुअरीत जव पसरून वाळवायची मोठी कोठी होती. रात्री ती मोकळी असे. मेरी, तिची मुलगी कॅरोलाइन, एलायझा आणि मार्गारेट या भाच्या, आणि ग्रेस विशर नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी यांनी त्या जमिनीवर बसून झेंडा जोडला. ग्रेसला तिच्या आईनं १८१० साली करारानं या घरी कामाला ठेवलं होतं. झेंडा शिवला तेव्हा तिचं वय तेराच्या आसपास. तारे जागच्या जागी लावायला मेरी मध्यरात्रीपर्यंत गुडघ्यांवर बसलेली असे. ऑगस्टमध्ये दोन्ही झेंडे किल्ल्यावर पोचले. ऑक्टोबरच्या पावतीवर हिशेब आहे: मोठ्या झेंड्याचे ४०५ डॉलर ९० सेंट, लहानाचे १६८ डॉलर ५४ सेंट.

त्या वेळी अमेरिकेत राज्यं होती अठरा. झेंड्यावर मात्र पंधराच तारे, कारण १७९४ च्या कायद्यात तेवढेच ठरले होते. पुढे १८१८ मध्ये कायदा बदलला, पट्टे पुन्हा तेरावर आले आणि तारे राज्यांबरोबर वाढत गेले. पंधरा पट्ट्यांचा हा झेंडा म्हणजे त्या देशाच्या वाढत्या वयातला एक टप्पा, कापडात थांबून राहिलेला.

१३ सप्टेंबर १८१४ च्या सकाळी ब्रिटिश जहाजांनी किल्ल्यावर मारा सुरू केला. तो २५ तास चालला. दीड हजारांहून अधिक बाँबगोळे, शिवाय अग्निबाण. पाऊस कोसळत होता. किल्ल्यात चार माणसं ठार झाली, चोवीस जखमी. फ्रान्सिस स्कॉट की हा वकील ब्रिटिशांनी धरून नेलेल्या डॉ. विल्यम बीन्स यांना सोडवायला गेला होता. सुटका झाली, पण लढाई संपेपर्यंत परतायची मुभा नव्हती. रात्रभर तो जहाजावरून पाहत राहिला. सकाळी मारा थांबला आणि किल्ल्यावर झेंडा होता. त्याच्या खिशातल्या कागदावर कविता उतरू लागली. पुढे ती एका जुन्या इंग्रजी चालीवर गायली गेली आणि ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्रगीत झाली.

इथे आपल्याकडे सांगितली जाणारी एक गोष्ट आठवते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं बांधलेलं, १८१० साली पाण्यात उतरलेलं ‘मिन्डेन’ हे जहाज; त्याच्या डेकवर अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं, असं अभिमानानं सांगतात. वाडियांच्या कारागिरीला तोड नव्हती, हे शंभर टक्के खरं. पण फ्रान्सिस स्कॉट की होता तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकी जहाजावर. त्या कारागिरांची थोरवी सांगायला या गोष्टीची गरज नाही. त्यांच्या सागवानी जहाजांनी जगभरचे समुद्र पालथे घातले, तेवढं पुरेसं आहे.

दंतकथा झेंड्याभोवतीही जमल्या. लोकांच्या मनातलं चित्र असं, की तोफांच्या उजेडात रात्रभर हाच प्रचंड झेंडा फडकत होता आणि त्याची लक्तरं झाली ती गोळ्यांनी. पण लोकरीचा एवढा मोठा झेंडा पावसात भिजला, तर त्याच्या वजनानं काठीच मोडायची. वादळी रात्री वर होता तो लहान झेंडा. मोठा चढला १४ तारखेच्या सकाळी, ब्रिटिश जहाजं माघारी वळत असताना.

मग एवढं कापड गेलं कुठे? आज झेंडा उरला आहे ३० बाय ३४ फूट. लांबीतले आठ फूट गायब आहेत. पंधरा ताऱ्यांपैकी एक नाही. हे कोणी केलं?

उत्तर शोधायला किल्ल्यातून एका घरात जावं लागतं. लढाईनंतर झेंडा आर्मिस्टेडकडे आला. १८१८ मध्ये तो वारला आणि झेंडा त्याची पत्नी लुईझा हिच्याकडे राहिला. समारंभ असला की बाहेर निघायचा. १८२४ मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेत आला तेव्हाही निघाला होता. लोक घरी यायचे, झेंडा पाहायचे आणि निघताना एक तुकडा मागायचे. त्या घरात आठवण सांगत ती अशी, की पहिला तुकडा गेला किल्ल्यावर लढलेल्या एका सैनिकाच्या विधवेला. नवऱ्याबरोबर तो पुरावा, अशी तिची इच्छा होती. कोण नाही म्हणणार?

एकदा कात्री लागली की थांबत नाही. लुईझानंतर १८६१ मध्ये झेंडा मुलीकडे, जॉर्जियाना आर्मिस्टेड ॲपलटनकडे, आला. तिनंही दिले. जुन्या सैनिकांना दिले, अधिकाऱ्यांना दिले, मान्यवरांना दिले. मागणारे इतके, की सगळ्यांचं ऐकलं असतं तर दाखवायला फारसं काही उरलंच नसतं, असं तिनं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या काळी पवित्र वस्तूचा कण जवळ बाळगणं ही भक्तीच होती. आपल्याकडे समाधीवरचा अंगारा पुडीत बांधून घरी नेतात, तीच ओढ. फरक इतकाच, की अंगारा पुन्हा होतो.

१८७३ मध्ये जॉर्जियानानं झेंडा बोस्टनला कमोडोर जॉर्ज प्रेबल याच्याकडे पाठवला. झेंड्यांच्या इतिहासानं झपाटलेला हा नौदल अधिकारी. त्यानं झेंड्यामागे शिडाचं जाड कापड शिवून घेतलं, नौदलाच्या आवारात इमारतीवर टांगला आणि फोटो काढवला. झेंड्याचा हा पहिला ज्ञात फोटो. त्याच दिवसांत झेंड्याची एक बाजू कापडाखाली गेली, ती गेलीच.

पुढच्या शोधात हा फोटो साक्षीदार ठरला. त्यात झेंड्याचं टोक आधीच फाटकं दिसतं आणि ताऱ्याच्या जागी भोक आहे. म्हणजे १८७३ पूर्वीच तारा कापला गेला होता. एका मोठ्या हुद्द्यावरच्या माणसासाठी कापला, असं जॉर्जियानाच्या घरात सांगत. तो तारा पुन्हा कधी कोणाला दिसला नाही. एका पट्ट्यावर उलट्या ‘व्ही’सारखी लाल पट्टी शिवलेली आहे. लुईझानं आर्मिस्टेड नावातलं पहिलं अक्षर शिवायला घेतलं असावं, असा तिचा अर्थ लावतात. आडवी रेघ राहूनच गेली.

आणखी एक साक्ष आली १८७६ मध्ये. जॉर्जियानाला एक पत्र आलं. लिहिणारी होती कॅरोलाइन, मेरी पिकर्सगिलची मुलगी, आता म्हातारी झालेली. हा झेंडा माझ्या आईनं केला, असं तिनं कळवलं. ब्रुअरीची कोठी, चारशे यार्ड कापड, जमिनीवर बसून तारे लावणारी आई, मध्यरात्रीपर्यंतचं काम, हे सगळं आपल्याला कळलं ते या पत्रातून. साठ वर्षं सेनापतीचं नाव झेंड्याबरोबर फिरत होतं. शिवणाऱ्या बाईचं नाव आता त्याला जोडलं गेलं. ग्रेस विशरचं नाव मात्र त्या गोष्टीत यायला आणखी फार काळ जावा लागला.

जॉर्जियानाचा मुलगा एबेन ॲपलटन यानं मागणाऱ्यांचा जाच पाहिलेला होता. त्यानं झेंडा तिजोरीत बंद केला, १९०७ मध्ये स्मिथसोनियनला उसना दिला आणि १९१२ मध्ये कायमचा देऊन टाकला. कात्री थांबली. पण लोकर झिजत होती. १९१४ मध्ये संग्रहालयानं अमेलिया फाउलर या शिवणतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी प्रेबलचं शिडाचं कापड काढलं, लिननचं नवं अस्तर लावलं आणि दहा बायकांना घेऊन झेंडा त्यावर टाचला. मधमाशीच्या पोळ्यासारखी टाक्यांची जाळी सगळ्या झेंड्यावर. दोराही रंगवलेला, लालावर लाल, निळ्यावर निळा. आठ आठवडे लागले. खर्च १२४३ डॉलर. त्यातले ५०० फाउलरबाईंचे, ५०० सगळ्या शिवणाऱ्या बायकांचे मिळून.

गोधडीचं तत्त्वच हे: जीर्ण कापडाला दुसऱ्या कापडाचा आधार द्यायचा आणि हजारो टाक्यांनी दोन्हींना एकजीव करायचं. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे काम उत्तम होतं. ऐंशीहून अधिक वर्षं झेंडा त्याच आधारावर उभा राहिला. १९६४ पासून तर नव्या संग्रहालयात तो भिंतीवर लटकत होता. पण लिनन आणि लोकर यांचा स्वभाव एक नाही. हवेतला दमटपणा वाढला-घटला की लिनन एका चालीनं ताणतं, लोकर दुसऱ्या. अस्तराचं वजन वेगळंच. ज्या टाक्यांनी झेंडा सावरला, तेच आता त्याला आतून ओढत होते. १९९८ च्या डिसेंबरमध्ये झेंडा भिंतीवरून उतरवला गेला.

प्रमुख संवर्धक सुझान थॉमासेन-क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कात्री लगेच हातात घेतली नाही. आधी इंच न् इंच नोंद. नासाच्या गोडार्ड केंद्रातले शास्त्रज्ञ इन्फ्रारेड कॅमेरे घेऊन आले. डोळ्याला न दिसणारा मळ आणि झीज त्या प्रकाशात शोधली. अवकाशाकडे पाहणारी विद्या इथे एका कापडावर वाकली होती. मग सुरू झालं उसवणं.

दोरा रंगवलेला, त्यामुळे टाका कुठला आणि मूळ लोकर कुठली हे प्रत्येक वेळी ओळखायचं. दिवसभर पालथं पडून, मान अवघडेपर्यंत, हाताला कंप न येऊ देता. काचेपलीकडे शाळेच्या सहलीतली मुलं नाक टेकवून पाहत असत. त्यांना दिसे ते इतकंच, की माणसं झोपली आहेत आणि काहीच घडत नाही. घडत मात्र होतं. एकेका टाक्यानं झेंडा मोकळा होत होता.

शेवटचे टाके तुटले आणि लिननचं अस्तर सावकाश सोलून निघालं. सव्वाशे वर्षांनी ती बाजू उजेडात आली. प्रेबलनं झाकलेली, फाउलरबाईंनी लिननमागे ठेवलेली. मेकअपला वापरतात तसल्या कोरड्या स्पंजांनी तिच्यावरचा मळ टिपून घेतला. पाण्यात बुडवायचा प्रश्नच नव्हता. चिकटून बसलेली घाण ॲसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणानं हळूहळू काढली. मग मागे आधार दिला तो पारदर्शक वाटावा इतक्या तलम पॉलिस्टरचा, जो झेंड्याला धरून ठेवेल पण ओढणार नाही.

आता कापड बोलू शकत होतं. निळा रंग निळीचा, लाल रंग कोचिनियल किड्याचा आणि मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा. लोकर? ती इंग्लंडमध्ये विणलेली. ज्या देशाच्या तोफांसमोर हा झेंडा चढवला गेला, त्याच देशाच्या मागावर त्याचं कापड विणलं गेलं होतं. अमेरिकेत झेंड्यांचं चांगलं बंटिंग तेव्हा तिथूनच येई. युद्ध दोन सरकारांचं असतं. कापडाचे धागे त्याच्या आधीच समुद्र ओलांडून आलेले असतात.

आणि आठ फुटांचा गुन्हेगार? उंच काठीवर फडकणारं टोक वाऱ्यानं झिजतं, तसं हेही झिजलं असणार. पण मोठा वाटा कात्रीचा. झेंड्याचं २०० चौरस फुटांहून अधिक कापड नाहीसं झालं आहे. ब्रिटिशांच्या २५ तासांच्या माऱ्यानं जे केलं नाही, ते साठ-सत्तर वर्षांच्या प्रेमानं केलं. प्रत्येक तुकड्यामागे एक ओलावलेला डोळा होता, एक पुरलेला नवरा होता, एक कृतज्ञ देश होता. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. म्हणूनच ही गोष्ट मला इतकी अस्वस्थ करते. शत्रूपासून वस्तू कशी राखायची हे माणसाला कळतं. आपल्याच मायेच्या हातापासून ती कशी राखायची, हे शिकायला पिढ्या जातात.

आपणही याच वाटेवर आहोत. गडावरचा दगड आठवण म्हणून खिशात टाकणारा, लेण्यातल्या मूर्तीला दर दर्शनाला तेलाचा हात फिरवणारा, जुन्या पोथीला भक्तीनं चिकटपट्टी लावणारा, यातला कोणीच वैरी नाही. झेंड्याची कहाणी आपल्याला सांगते ते एवढंच, की ज्यावर जीव आहे त्याच्यापासून कधी कधी हात मागे घ्यायचा असतो.

झेंड्याचं काम पुरं झाल्यावर एक निर्णय उरला होता. गेलेला तारा नवा शिवता आला असता. आठ फूट कापड जोडून झेंडा पुन्हा ४२ फुटांचा करता आला असता. लोकांकडे गेलेले काही तुकडे संग्रहालयाकडे परतही आले आहेत. ते जागेवर बसवता आले असते. संवर्धकांनी यातलं काहीही केलं नाही. झेंडा जसा हाती आला तसाच राहिला.

२१ नोव्हेंबर २००८ पासून तो एका बंद खोलीत, जेमतेम १० अंशांच्या उतारावर निजलेला आहे. हवेतला प्राणवायू कमी केलेला, उजेड मंद. पाहणाऱ्याला डोळे सरावायला थोडा वेळ थांबावं लागतं. मग हळूहळू पट्टे दिसू लागतात, दोन फुटी, जोड दिलेले. मग तारे, ज्यांच्या कडा मध्यरात्रीपर्यंत कोणीतरी गुडघ्यांवर बसून टिपल्या. चौदा मोजून होतात. पंधराव्याच्या जागी भोक आहे, आणि तिथे कोणी काही शिवलेलं नाही.